विश्लेषण : भाजीच्या कचऱ्यापासून ‘पामतेल’? यीस्टची किमया खरी, पण हिशेब काय सांगतो?

कोबीची वरची पाने, फ्लॉवरचे दांडे, मटारची टरफले, फुटलेले टोमॅटो, बटाट्याच्या साली. मंडईतून रोज ट्रकच्या ट्रक भरून उचलला जाणारा हा माल यीस्टला खाऊ घातला, तर ते आपल्या पेशीत तेल साठवते आणि हे तेल गुणधर्माने पामतेलाच्या बरेच जवळ जाते. जगातील अनेक प्रयोगशाळांनी हे करून दाखवले आहे. एकीकडे खाद्यतेलाच्या आयातीवर खर्च होणारे परकीय चलन आणि दुसरीकडे शहरोशहरी वाढणारे कचऱ्याचे डोंगर, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मारणारे तंत्रज्ञान म्हणून याकडे पाहिले जाते. पण एक टन भाजीतून तेल किती किलो निघते, हा साधा प्रश्न विचारला की चित्र बरेच बदलते.

तेल साठवणारे यीस्ट कोणते?

पाव फुगवणारे आणि बिअर आंबवणारे यीस्ट सर्वांच्या ओळखीचे आहे. ते साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल बाहेर टाकते. त्याच्या पेशीत चरबी असते, पण अगदी बेताची. यीस्टच्या शेकडो प्रजातींपैकी काही मोजक्या मात्र वेगळ्या वळणाच्या आहेत. खायला भरपूर मिळाले की त्या अल्कोहोल न बनवता पेशीतच तेलाचे थेंब साठवतात. सुक्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक तेल साठवणाऱ्या यीस्टला तैलजन्य यीस्ट म्हणण्याचा प्रघात आहे. लिपोमायसेस, ऱ्होडोटोरुला यांसारख्या प्रजाती अनुकूल परिस्थितीत ६० ते ७० टक्क्यांपर्यंतही मजल मारतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी पाहिली तर आत एकदोन गोल, चकचकीत थेंब दिसतात आणि बाकी पेशी कडेला ढकललेली असते. या गटात सर्वाधिक अभ्यास झालेले नाव म्हणजे यारोविया लिपोलिटिका. फळांच्या सालीवर आणि फुलांतल्या मधात आढळणारे मेश्निकोविया पुल्चेरिमा हे अलीकडे चर्चेत आलेले नाव.

या तेलात प्रामुख्याने पामिटिक, ओलेइक, स्टिअरिक आणि लिनोलेइक ही मेदाम्ले असतात. म्हणजे शेंगदाणा, पाम, सरकी यांच्या तेलात जे असते तेच, फक्त प्रमाण वेगळे. यीस्टची जात, खाद्य आणि तापमान बदलून हे प्रमाण काही अंशी हवे तसे वळवताही येते. झाडाच्या बाबतीत ही सोय नाही.

साखरेचे तेल होते कसे?

यातली गोम नत्रात आहे. पेशीला वाढायचे, दुभंगायचे असेल तर प्रथिने लागतात आणि प्रथिनांसाठी नत्र लागते. टाकीत साखर मुबलक आहे, पण नत्र संपले, अशी वेळ आणली की यीस्टची वाढ थांबते. साखर आत घेणे मात्र थांबत नाही. पेशीतील ऊर्जानिर्मितीचे चक्र मध्येच अडखळते, सायट्रिक आम्ल साचू लागते, ते मायटोकाँड्रियातून बाहेर येते आणि तिथे त्याचे तुकडे होतात. दोन-दोन कार्बनचे हे तुकडे एकापुढे एक जोडत मेदाम्लाची साखळी तयार होते आणि अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलला जोडल्या की झाले तेल. सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवावी, तसा हा प्रकार. पुढे उपासमार झाली की हेच तेल खाऊन पेशी जगते. त्यामुळे कारखान्यात वेळ साधावी लागते. टाकी उशिरा रिकामी केली तर साठवलेले तेल यीस्टच फस्त करू लागते.

या प्रक्रियेला एक निसर्गदत्त मर्यादा आहे. साखरेतला बराच कार्बन वाटेत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. कागदावरच्या रसायनशास्त्रानुसार १०० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ३२-३३ ग्रॅम तेल मिळू शकते. प्रत्यक्षात यीस्टला स्वतःचे शरीरही बांधायचे असते, त्यामुळे २० ग्रॅमच्या आसपास हाती लागले तरी प्रयोग उत्तम जमला असे मानले जाते. पुढचा सगळा हिशेब या आकड्याभोवती फिरतो.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला, तेव्हा बर्लिनमध्ये पॉल लिंडनर यांनी ‘चरबी साठवणाऱ्या यीस्ट’वर काम सुरू केले होते. त्या काळी यीस्टला खोल टाकीत पुरेशी हवा देण्याचे तंत्र नव्हते. ते उथळ तबकांत वाढवावे लागे, त्यामुळे राष्ट्राची भूक भागेल इतके तेल काही त्यातून निघाले नाही.

त्यानंतरचा इतिहास अधिक बोलका आहे. १९८०च्या दशकात न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी व्हे, म्हणजे चीज काढल्यावर उरणाऱ्या निवळ पाण्यावर यीस्ट वाढवून कोको बटरसारखी चरबी तयार केली. चॉकलेट उद्योगाला ती हवीच होती. पण कोको बटरचे भाव खाली आले आणि सगळा आर्थिक डोलारा कोसळला. इंग्लंडमध्ये सेल्बी येथे १९८५ साली एका बुरशीपासून गॅमा-लिनोलेनिक आम्लाने समृद्ध तेल बनवण्याचा कारखाना प्रत्यक्ष सुरू झाला. दोन-दोन लाख लिटरच्या टाक्या होत्या, तेल उत्तम होते, तंत्रात कुठेही खोट नव्हती. पाच वर्षांत तो बंद पडला, कारण बोराज नावाच्या वनस्पतीच्या बियांतून तेच आम्ल स्वस्तात मिळू लागले.

सूक्ष्मजीवांच्या तेलाने जिथे बाजार जिंकला, ते ठिकाण वेगळे होते. मोर्टिएरेला या बुरशीचे आणि एका सागरी शैवालाचे तेल आज अनेक देशांत शिशूंच्या दूध-भुकटीत घातले जाते. त्यातील मेदाम्ले कोणत्याही तेलबियांतून सहज मिळत नाहीत, त्यामुळे ग्राहक जास्त दाम मोजतो. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने यारोविया यीस्टमध्ये जनुकीय बदल करून माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ल तयार करवले आणि २०१०च्या सुमारास ते बाजारात आणले, तेही याच गणिताने. शेतात पिकणाऱ्या तेलाशी किमतीत टक्कर घेणारे यीस्ट आजवर उभे राहिलेले नाही, हे या शंभर वर्षांचे सार.

मग आताच एवढी चर्चा का?

पामतेलामुळे. बिस्किटे, फरसाण, वनस्पती तूप, साबण, शाम्पू अशा असंख्य गोष्टींत ते असते. आग्नेय आशियातील वर्षावने तोडून पामच्या बागा लावल्या गेल्या, त्यामुळे युरोप-अमेरिकेतील ग्राहकांत त्याविषयी नाराजी आहे. प्रसाधने बनवणाऱ्या कंपन्या म्हणूनच ‘पाममुक्त’ असा शिक्का मारता येईल अशा तेलाच्या शोधात आहेत. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात मेश्निकोविया यीस्टवर गेली अनेक वर्षे काम झाले आणि शिळ्या पावासारख्या टाकाऊ अन्नावर ते वाढवण्याच्या दिशेने क्लीन फूड ग्रुप ही कंपनी पुढे सरसावली. नेदरलँड्सची नोपाम इन्ग्रेडिएंट्स शेतमाल प्रक्रियेतील उरलेल्या मालावर हाच प्रयोग करते. न्यूयॉर्कच्या सी-१६ बायोसायन्सेसने ‘पामलेस’ या नावाने यीस्टचे तेल आधी आणले ते त्वचेच्या उत्पादनांत. स्वयंपाकघरात कोणीही पहिले पाऊल टाकलेले नाही, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

भारताची चिंता वेगळी आहे. २०२३-२४ च्या तेलवर्षात देशाने सुमारे १.६ कोटी टन खाद्यतेल आयात केले आणि त्यातले निम्म्याहून अधिक पामतेल होते. एप्रिल २०२२च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जेमतेम साडेतीन आठवडे रोखली, तर इथल्या किराणा दुकानांत भाव हलले. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांची पाम लागवडीची मोहीम जाहीर केली, तिचा रोख ईशान्य भारत आणि अंदमानकडे आहे आणि तिथल्या जंगलांचे व पाण्याचे काय, हा प्रश्न पर्यावरण अभ्यासक विचारत आहेत. अशा वेळी ‘झाड न लावता, जमीन न वापरता, कचऱ्यातून तेल’ हे शब्द कानाला गोड लागणारच.

भाजीचा कचरा यीस्टला मानवतो का?

पहिली अडचण पाण्याची. कोबीत ९२ टक्के पाणी असते, टोमॅटोत त्याहून थोडे अधिक. एक टन कचरा उचलला म्हणजे नऊशे किलो पाण्याची वाहतूक केली. बटाटा त्या मानाने घट्ट असतो आणि त्यात पिष्टही चांगले असते. पण मंडईच्या कचऱ्यात बटाट्यापेक्षा पाला जास्त.

दुसरी अडचण पाल्यातच दडलेली आहे. पालक, मेथी, कोबी, फ्लॉवरची पाने यांत प्रथिने, म्हणजेच नत्र बऱ्यापैकी असते. तेल बनवायचे तर साखर जास्त आणि नत्र कमी हवे. हिरव्या पाल्याचे नेमके उलटे. माणसाने ज्या गुणासाठी पालेभाजी खावी, तोच गुण यीस्टच्या तेलाच्या आड येतो. भरपूर नत्र मिळाले की यीस्ट आनंदाने वाढते, संख्या फुगते, पण पेशीत तेल फारसे साठत नाही. यावर उपाय म्हणजे त्यात मळी, फळांची साल किंवा पिष्ट मिसळून समतोल साधणे. म्हणजे भाजीच्या कचऱ्याबरोबर दुसरे काही विकत आणावे लागते.

तिसरी गोष्ट अशी की, कचऱ्यातील सगळी शर्करा यीस्टला सहज खाता येत नाही. दांडे, टरफले, मक्याच्या कणसाचा पाचोळा यांतली शर्करा सेल्युलोजच्या तंतूंत अडकलेली असते. ती सोडवायला उष्णता, आम्ल किंवा एन्झाइम लागतात. आम्लाने आणि जास्त उष्णतेने फोडले तर फरफ्युरलसारखी द्रव्ये तयार होतात, ज्यांनी यीस्ट आजारते. पेक्टिनपासून सुटणारी आम्लशर्करा तर बऱ्याच यीस्टना पचतच नाही. आणि एन्झाइम फुकट मिळत नाहीत.

शिवाय कचरा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कोट्यवधी जिवाणू येतात. मंडईतला पाला चार तास उन्हात राहिला की त्यावर लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते आणि यीस्टच्या वाट्याची साखर ते आधीच खाऊन टाकतात. सगळा माल वाफेने निर्जंतुक करायचा तर इंधनाचा खर्च. बाथच्या गटाने मेश्निकोविया निवडले ते याच कारणाने. ते आम्लयुक्त पाण्यात, कमी तापमानात वाढते आणि इतर जंतूंना दूर ठेवणारी द्रव्ये स्वतःच तयार करते, त्यामुळे उघड्या, निर्जंतुक न केलेल्या टाकीतही ते तग धरते. मात्र ‘कमी तापमान’ म्हणजे साधारण १५ ते २० अंश. इंग्लंडमध्ये ते आयते मिळते. सोलापूर किंवा नागपुरात त्यासाठी टाकी थंड करण्याचे बिल भरावे लागेल.

एक टन भाजीतून तेल किती?

हिशेब कोणालाही करता येईल इतका सोपा आहे. एक टन मिश्र भाजी-कचऱ्यात सुका भाग सुमारे १०० किलो. त्यातली यीस्टला खाण्याजोगी शर्करा सढळ हाताने निम्मी धरू, म्हणजे ५० किलो. तिच्यापासून २० टक्के दराने तेल मिळाले, तर १० किलो. एका टनाला १० किलो, म्हणजे वजनाच्या एक टक्का, आणि तेही सगळे मनासारखे जमले तर.

आता देशाचा विचार करू. भारतात वर्षाला २० कोटी टनांहून अधिक भाजीपाला पिकतो. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार भाज्यांच्या प्रकारानुसार काढणीपासून विक्रीपर्यंत सुमारे ५ ते १२ टक्के माल वाया जातो. ढोबळमानाने १० टक्के म्हणजे दोन कोटी टन धरले आणि शेताच्या बांधापासून मंडईच्या गाळ्यापर्यंतचे प्रत्येक पान न् पान गोळा केले असे समजले, तरी तेल निघेल दोन लाख टन. आयात १.६ कोटी टन. म्हणजे सव्वा टक्का.

पामचे झाड का हरत नाही, हेही या आकड्यांतून कळते. एक हेक्टर पाम वर्षाला तीन-चार टन तेल देतो. सोयाबीनला अर्धा टन देताना दमछाक होते. पामला सूर्यप्रकाश फुकट मिळतो. यीस्टला दुसऱ्या कोणत्या तरी वनस्पतीने सूर्यप्रकाशातून बनवलेली साखर खावी लागते आणि त्या साखरेचा मोठा भाग वाटेत जळून जातो.

खर्च नेमका कुठे होतो?

सगळ्यात मोठा खर्च हवेवर होतो असे म्हटले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. पण तेल साठवणाऱ्या यीस्टला सतत ऑक्सिजन लागतो. हजारो लिटरची टाकी दिवसरात्र ढवळत आणि तिच्यात हवा फुंकत राहावे लागते. चार-पाच दिवस हे चालते. वीज गेली आणि जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, तर सगळा घाणा वाया. या कामात उष्णता निर्माण होते, ती काढण्यासाठी पुन्हा वीज.

मग तेल काढणे. शेंगदाणा घाण्यात घातला की तेल गळते. यीस्टची पेशी माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान, आणि तिचे कवच चिवट. आधी शेकडो लिटर पाण्यातून पेशी वेगळ्या करायच्या, त्या वाळवायच्या किंवा ओल्याच फोडायच्या, मग हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल ओढून घ्यायचे आणि शेवटी ते द्रावक पूर्ण काढून टाकायचे. दहा किलो तेलासाठी एवढा खटाटोप. किलोमागे १०० रुपये भाव धरला तरी टनभर कचऱ्यातून येणारे तेल हजार रुपयांचे. त्या हजारात गोळा करणे, वाहतूक, एन्झाइम, वीज, द्रावक, कामगार आणि कर्जाचे व्याज बसवून दाखवणारा प्रकल्प अहवाल कोणी महापालिकेपुढे ठेवला, तर तो दोनदा वाचलेला बरा.

बायोगॅस बरा की तेल?

हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात रोज सुमारे दहा टन कचऱ्यावर चालणारा बायोगॅस प्रकल्प आहे. तिथल्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे तंत्र त्यात वापरले आहे. रोज सुमारे ५०० युनिट वीज आणि ३० किलो गॅस त्यातून मिळतो; विजेवर बाजारातले दिवे लागतात, गॅसवर उपाहारगृहाची चूल. आपल्या हिशेबाप्रमाणे त्याच दहा टनांतून १०० किलो तेल निघेल, म्हणजे दहा हजार रुपयांचे. ५०० युनिट विजेची किंमत त्यापेक्षा कमीच भरते. कागदावर तेल जिंकते, हे मान्य करायला हवे.

पण बायोगॅसच्या टाकीला हवा नको, निर्जंतुकीकरण नको, एन्झाइम नको. तिथले जिवाणू पाला, दांडे, नत्र सगळे निमूटपणे पचवतात आणि तयार झालेला गॅस आपला आपण वर येतो. तो पिळून काढावा लागत नाही. उरलेली मळी खत म्हणून जाते. शिवाय एवढे सोपे तंत्र असूनही राज्यातल्या किती पालिकांचे बायोगॅस प्रकल्प नियमित चालतात, हे शहरवासीयांना ठाऊक आहेच. बहुतेक ठिकाणी दुखणे एकच असते, कचरा वेगळा होऊन येत नाही. २०१६च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, तरी भाजीच्या ढिगात सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आणि क्वचित चपलाही सापडतात. बायोगॅसला हे चालत नाही. यीस्टला तर अजिबातच चालणार नाही.

दोन्हींची सांगड घालणारा एक मार्ग संशोधक तपासत आहेत आणि तो खरोखर हुशारीचा आहे. बायोगॅसची प्रक्रिया मध्येच थांबवायची. त्या टप्प्यावर कचऱ्याचे असिटिक, ब्युटिरिक अशा छोट्या आम्लांत रूपांतर झालेले असते, तेही कोणतेही एन्झाइम विकत न घेता. ही आम्ले यारोवियासारख्या यीस्टला खाऊ घालायची. ती थेट मेदाम्लाच्या साखळीकडे वळतात. आम्लांचे प्रमाण जास्त झाले तर यीस्टला ती बाधतात, त्यामुळे खाद्य थोडे थोडे द्यावे लागते. तेल काढल्यावर उरलेला चोथा पुन्हा बायोगॅसच्या टाकीत. पालिकांना यीस्टमध्ये रस असेलच, तर चालू असलेल्या बायोगॅस प्रकल्पाला जोडून एखादा छोटा प्रायोगिक संच, इतकीच त्याची आजची पायरी आहे. कचऱ्याच्या प्रश्नावरचा उपाय म्हणून त्यावर करदात्यांचे कोट्यवधी रुपये लावणे घाईचे ठरेल.

परवडेल ते कुठे?

जिथे कचरा स्वच्छ, एकाच प्रकारचा आणि एकाच जागी मिळतो तिथे. वेफर्सच्या कारखान्यात बटाटा धुतल्यावर पाण्याबरोबर पिष्ट वाहून जाते. टोमॅटोची प्युरी, आंब्याचा रस, फळांचे सरबत बनवणाऱ्यांकडे साल आणि चोथा रोज ठरावीक वेळी तयार होतो. त्यात सुतळी नसते, तो कोणी वर्गीकरण करायची गरज नसते आणि सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कारखान्याला नाही तरी पैसे मोजावेच लागतात. तो खर्च वाचला, हाच पहिला नफा.

आणि तेलही साधे असून चालत नाही. लालसर रंगाचे ऱ्होडोटोरुला यीस्ट तेलाबरोबर कॅरोटिनॉइड रंगद्रव्येही बनवते. मत्स्यखाद्य आणि प्रसाधनांत त्यांना मोल आहे. कोको बटरची जागा घेणारी चरबी, ओमेगा-३, त्वचेला लावायची तेले यांचे दर तळणाच्या तेलाशी तुलना करण्यासारखे नसतात. बाजार मात्र छोटा असतो. दहा कारखाने उभे राहिले की अकराव्याला जागा उरत नाही.

महाराष्ट्राला यात काय?

विज्ञानाची पायाभरणी इथे आधीच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातला ३५८९ क्रमांकाचा यारोविया हा मुंबईजवळच्या, तेलाने प्रदूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळालेला. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी त्यावर बरीच वर्षे काम केले असून, वापरलेल्या खाद्यतेलावर हे यीस्ट वाढवून बायोडिझेलजोगे तेल मिळवता येते का, याचाही अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. उष्ण प्रदेशातल्या समुद्रात तगलेले यीस्ट हे इथल्या हवामानासाठी इंग्लंडच्या थंड टाकीतल्या यीस्टपेक्षा अधिक जवळचे.

कच्चा मालही आहे, पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. नारायणगाव किंवा पिंपळगावला टोमॅटोचा भाव पडून रस्त्यावर लाल चिखल होतो, तेव्हा ‘यापासून तेल का काढत नाहीत’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. ती आवक चार-सहा आठवड्यांची असते. भाव वर गेला की एक क्रेटही मिळत नाही. कोकणातले आंब्याचे कॅनिंग दोन-अडीच महिन्यांत आटोपते. कोट्यवधींच्या टाक्या उरलेले दहा महिने काय खाणार? पडलेल्या भावाने पोळलेल्या शेतकऱ्याला यीस्ट वाचवू शकत नाही. त्याला शीतगृह आणि प्रक्रिया उद्योगातला खात्रीचा खरेदीदार लागतो. वर्षभर मिळणारा माल म्हणजे आंबेगाव-खेडच्या सातगाव पठारासारख्या भागांतून वेफर्ससाठी जाणाऱ्या बटाट्याचे अवशेष, साखर कारखान्यांची मळी, डेअरीतले व्हे. यीस्टने सुरुवात करायची तर इथून.

मंडईच्या कचऱ्याला आजही काही दावेदार आहेत, हेही विसरता येत नाही. फ्लॉवरचा पाला आणि मक्याची पाने गोठ्यांत, तबेल्यांत जातात. ज्या पाल्यापासून थेट दूध मिळते, तो टाकीत घालून शंभर किलोतून एक किलो तेल काढण्यात शहाणपण नाही.

आणखी एक धोका आहे. आज ‘यीस्टचे तेल’ म्हणून जगभर जे विकले जाते, त्यातले बरेचसे यीस्ट कचऱ्यावर वाढलेले नसते. ते साखरेवर वाढते, कारण साखर स्वच्छ असते आणि रोज सारखी मिळते. टाक्या मोठ्या झाल्या की त्यांची भूकही वाढते. इथेनॉलच्या बाबतीत महाराष्ट्राने हे पाहिले आहे. साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले, तेव्हा कारखान्यांची झालेली धावपळ फार जुनी नाही. पुढे मक्याकडे मोर्चा वळला आणि कोंबडीपालकांचे खाद्य महागले. यीस्टच्या तेलाला उद्या अनुदान द्यायचे ठरले, तर ते कचऱ्यावर वाढले की साखरेवर, याचा पुरावा मागणारी अट पहिल्याच दिवशी घालावी लागेल.

हे तेल खाण्यात येईल का?

इतक्यात नाही. ज्यांचा खाण्यात वापर होण्याचा इतिहास नाही, असे अन्नघटक भारतात विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची २०१७ च्या नियमांखाली पूर्वपरवानगी लागते. जनुकीय बदल केलेले यीस्ट असेल, तर त्याची आणखी वेगळी छाननी. कचऱ्यावर वाढवलेल्या तेलाला एक प्रश्न जास्तीचा विचारला जाईल. भाजीवर फवारलेली अनेक कीटकनाशके तेलात विरघळणारी असतात. टनभर कचऱ्यातून दहा किलो तेल निघते, तेव्हा त्या टनावरचे अवशेष त्या दहा किलोंत उतरतात का आणि शुद्धीकरणात ते निघून जातात का, हे प्रत्येक खेपेला तपासावे लागेल. साबण, वंगण, रंग यांना ही कसोटी एवढी कडक नाही. त्यामुळे या तेलाचा देशातला पहिला ग्राहक कढईपेक्षा न्हाणीघरात असण्याची शक्यता जास्त.